लेन्सचा कागद न मागता द्या : ब्रिटनच्या जनरल ऑप्टिकल कौन्सिलला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
जनरल ऑप्टिकल कौन्सिल, लंडन

विषय : कॉन्टॅक्ट लेन्सचं फिटिंग झाल्यावर प्रिस्क्रिप्शन न मागता मिळण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

नमस्कार.

ब्रिटनमधले नजर तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट आणि चष्मे-लेन्स देणारे ऑप्टिशियन तुमच्या नोंदणीत आणि तुमच्या नियंत्रणाखाली असतात, म्हणून हे पत्र तुम्हाला. त्याची इंग्रजी प्रत तुमच्याकडे रीतसर टपालाने येईलच. मराठीत ते मुद्दाम उघडं ठेवते आहे, कारण ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांनीही ते वाचावं. दर सप्टेंबरला पुण्या-नागपूरकडून इथल्या विद्यापीठांत पोरं येतात, हॉस्पिटलांत नर्सा येतात, कंपनीने पाठवलेले आयटीवाले बिऱ्हाडासह येतात. बॅगेत भाजणीचं पीठ असतं, मेतकूट असतं आणि जमतील तितके लेन्सचे डबे असतात. डबे संपले की हाय स्ट्रीटवरच्या, म्हणजे गावच्या मुख्य बाजाररस्त्यावरच्या, ऑप्टिशियनची पायरी चढावी लागते. माझी तक्रार तिथून सुरू होते.

तक्रार साधी आहे. लेन्स बसवून झाल्या की त्यांचं प्रिस्क्रिप्शन लेखी, सहीनिशी गिऱ्हाइकाला द्यायचं, असं तुमचा कायदा म्हणतो. दुकानात मात्र ते मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितलं की काउंटरपलीकडच्या माणसाच्या कपाळावर आठ्या चढतात.

कायद्याचं मी तुम्हाला काय सांगणार! पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. 1989 च्या ऑप्टिशियन्स अ‍ॅक्टचं कलम 25 फिटिंगबद्दल आहे आणि 2005 साली त्यात दुरुस्ती झाली. ज्याने लेन्स बसवली त्याने काम पूर्ण झाल्यावर त्या व्यक्तीला सही केलेलं लेखी स्पेसिफिकेशन द्यायचं, आणि त्यात इतका तपशील हवा की दुसऱ्या कुणालाही तीच लेन्स पुन्हा देता यावी. बसवणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक, दुकानाचा पत्ता, फिटिंग संपल्याची तारीख आणि हा कागद कधीपर्यंत चालेल ती तारीख, हे सगळं त्यावर हवं. स्पेसिफिकेशन हा कायद्यातला शब्द. दुकानात आणि घरात सगळे प्रिस्क्रिप्शनच म्हणतात, मीही तेच म्हणते. 'मागितल्यास द्यावे' अशी सवलत या कलमात दुकानदाराला नाही.

आता माझा अनुभव. दुकानाचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. लेस्टरमधल्या माझ्या ओळखीच्या अर्ध्याअधिक लेन्सवाल्यांनी असाच काहीतरी किस्सा ऐकवला आहे, आणि त्यात साखळीतली मोठी दुकानं आहेत तशी नवरा-बायको चालवतात ती छोटीही आहेत.

आधी नजर तपासली. ती संपताच चष्म्याचा नंबर छापील कागदावर हातात पडला. मी मागितलाही नव्हता. मग लेन्सचं फिटिंग. ते ज्या ऑप्टोमेट्रिस्ट मुलीने केलं तिच्याबद्दल मला एक वाकडा शब्द लिहायचा नाही. माझ्या डोळ्याला सिलिंडर आहे, म्हणजे बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नाही; त्यासाठी टॉरिक लेन्स लागते, आणि ही लेन्स डोळ्यात गोल फिरून चालत नाही. फिरली की अक्षरं तिरकी पसरतात. लेन्सच्या कडेला एक बारीकशी खूण असते. ती घड्याळातल्या सहाच्या जागी थांबते की पाच-सातकडे सरकते, हे तिने मला वर, खाली, बाजूला बघायला लावून, पापण्या मिटायला लावून पाहिलं. पहिली लेन्स सरकत होती. तिने न कुरकुरता दुसरी काढली. लेन्स उतरवल्यावर डोळ्यात तो पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बुबुळावर कुठे ओरखडा आहे का ते बघितलं. घरी वापरून बघायला जोड्या दिल्या, पुन्हा बोलावलं, पुन्हा सगळं तपासलं आणि म्हणाली, छान बसल्या आहेत, आता काही बदलायचं नाही.

फिटिंग पूर्ण झालं ते इथे. कागद मिळायला हवा होता तोही इथेच.

तिने मला बाहेर काउंटरवर सोपवलं. तिथल्या भल्या माणसाने टॅब्लेट माझ्याकडे वळवला. त्यावर दुकानाच्या लेन्स-योजनेसाठी बँकेतून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचा, डायरेक्ट डेबिटचा, फॉर्म अर्धा भरून तयार होता. मी म्हटलं, लेन्स कुठून घ्यायच्या ते मी ठरवेन, आज मला फक्त प्रिस्क्रिप्शन द्या. आधी उत्तर आलं की पहिलं आफ्टरकेअर, म्हणजे लेन्स वापरायला लागल्यानंतरची तपासणी, झाल्याशिवाय आम्ही देत नाही. कायदा तसं म्हणत नाही, असं मी सांगितल्यावर कळलं की सिस्टिममधून ते छापताच येत नाही. चष्म्याचं तर आत्ताच छापून दिलंत की! मग, बरं, ईमेल करतो. ईमेल आली, पण तिच्यात नुसती पॉवर. लेन्सचं नाव नाही, बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई) नाही, व्यास नाही, मुदत नाही, सही तर नाहीच. पुढे खेटे घालून तो कागद शेवटी मिळवला. पण मला इंग्रजीत भांडता येतं, कलमाचा आकडा माहीत आहे आणि दुपारच्या सुट्टीत दुकानात जाऊन उभं राहायला वेळ आहे. नुकत्याच आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने काय करायचं? ते 'सॉरी' म्हणून डायरेक्ट डेबिटवर सही करून येतं.

नुसती पॉवर का पुरत नाही, हे तुमच्या सभासदांना शिकवायला नको, पण आपल्याकडच्या वाचकांना सांगायला हवं. आपण चष्म्याचा नंबर म्हणजेच लेन्सचा नंबर धरून चालतो. माझ्या उजव्या डोळ्याचा चष्म्याचा नंबर उणे 5.25, सिलिंडर उणे 1.00, अक्ष 175. त्याच डोळ्याच्या लेन्सवर लिहिलंय उणे 5.00, सिलिंडर उणे 0.75, अक्ष 180. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर लांब असते आणि लेन्स बुबुळालाच चिकटून बसते, म्हणून मोठ्या नंबरात हा फरक पडतो; चारच्या आत असलेल्यांना तो जाणवतही नाही. शिवाय टॉरिक लेन्स हव्या त्या सिलिंडरमध्ये आणि हव्या त्या अक्षात बनत नाहीत, ठरावीक टप्प्यांत मिळतात. त्यापुढे 8.7 हा बेस कर्व्ह, 14.5 हा व्यास, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेन्सचं नाव. कारण आकडे तेच असले तरी दोन कंपन्यांच्या लेन्स एकाच डोळ्यावर सारख्या बसतीलच असं नाही. एवढ्यातलं एक जरी गाळलं तरी दुसरा दुकानदार ती लेन्स देऊ शकत नाही. म्हणजे अर्धवट कागद देणं हे न देण्यासारखंच, फक्त नाही म्हणायचं पाप लागत नाही.

इथे दुकानदारांची बाजू येते आणि ती पोकळ नाही. ते म्हणतात, कागद दिला की माणूस कुठूनतरी स्वस्तात मागवत राहतो, तपासणीला फिरकत नाही, आणि मग डोळा बिघडला की आमच्याकडे येतो. 2017 साली एक बातमी आली होती : सॉलिहल हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या 67 वर्षांच्या बाईंच्या एका डोळ्यात 27 लेन्स सापडल्या होत्या. त्यातल्या 17 एकमेकींना चिकटून त्यांचा गोळाच झाला होता. बाई 35 वर्षं दर महिन्याला बदलायच्या लेन्स वापरत होत्या आणि नेमाने तपासणीला जात नव्हत्या. ही बातमी मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली तेव्हा निम्म्या लोकांनी हसणाऱ्या बाहुल्या पाठवल्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. लंडनच्या मूरफील्ड्स या डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी 2018 मध्ये सांगितलेलं तर त्याहून गंभीर आहे. अकँथअमीबा हा नळाच्या पाण्यातही सापडणारा जीव बुबुळात शिरतो आणि नजर घेऊन जाऊ शकतो. दक्षिण-पूर्व इंग्लंडमध्ये त्याचे रुग्ण 2011 पासून सुमारे तिपटीने वाढले असं त्यांना आढळलं. लेन्स घालून अंघोळ करणारे, पोहायला जाणारे, डबी नळाखाली विसळणारे, यांच्यासाठी ती धोक्याची सूचना होती. आपल्या घरांतून डबी नळाखाली विसळणारे किती निघतील, विचारूच नका.

आणि आमच्या देशी सवयींचंही मला कौतुक नाही. तिकडे कित्येक दुकानांत नंबर सांगितला की डबा हातात येतो. किती वर्षांपूर्वीचा नंबर, लेन्स बसली का कुणी बघितलं का, असलं काही विचारत नाहीत. त्यापेक्षा इथली शिस्त शंभर पटीने बरी. कागदावर मुदत असावी, मुदत संपली की तपासणीशिवाय लेन्स मिळू नये, सोळा वर्षांखालच्या मुलांना तर नोंदणीकृत माणसाच्या देखरेखीशिवाय विकूच नये, हे सगळं मला मान्य आहे. कायद्याने हे ठेवलेलंच आहे, आणि विकणाऱ्याने पुढच्या आफ्टरकेअरची सोय बघावी हेही ठेवलेलं आहे.

पण कागद अडवून यातलं काय साधतं? ज्याच्याकडे प्रिस्क्रिप्शन आहे तो नोंदणीकृत माणसाच्या देखरेखीखाली चालणाऱ्या दुकानाकडे किंवा इथल्या ऑनलाइन विक्रेत्याकडे जातो. तिथे त्याचा कागद बघितला जातो, मुदत बघितली जाते. ज्याला कागद मिळाला नाही त्याने काय करावं? तो परदेशातून माल पाठवणाऱ्या, कागदाचं नावही न काढणाऱ्या साइटवर जाऊन जुन्या डब्यावरचे आकडे टाकतो. नाहीतर पुण्याला फोन करतो आणि आई येताना घेऊन येते. दोन्हीकडे त्याला तपासणीची आठवण करून देणारं कुणी नसतं. मुदतीची तारीख ज्या कागदावर छापलेली असते तोच कागद तुमचे लोक त्याच्यापासून लपवतात, आणि वर म्हणतात की हे लोक वेळेवर येत नाहीत.

खरं कारण पैशाचं आहे आणि ते उघड बोलायला हरकत नसावी. नजर तपासण्याच्या फीमध्ये ऑप्टोमेट्रिस्टचा वेळ भरून निघत नाही. तो चष्म्यात आणि लेन्समध्ये काढायचा, असं हे गणित वर्षानुवर्षं चालत आलंय. मला त्या मुलीच्या कौशल्याचे पैसे द्यायचे आहेत. फिटिंगचे लावा, आफ्टरकेअरचे लावा, पाटीवर लिहा, मी देईन. महिन्याची योजनाही वाईट नाही. हॅरोमधली माझी मैत्रीण तिच्यावर खूश आहे. लेन्स घरपोच, सोल्यूशन त्यातच, तपासणी त्यातच. पण योजना चांगली आहे म्हणून माणसाने घ्यावी. कागद तिच्यामागे अडकवून ठेवलाय म्हणून नव्हे.

आणि हा धंदा स्वतः कशावर वाढला ते तरी आठवावं. 1984 पर्यंत इथे चष्मे विकायचा मक्ता नोंदणीकृत लोकांकडे होता. त्या वर्षीच्या कायद्याने तो मोडला. नंबर लिहिलेला कागद घेऊन माणूस दुसऱ्या दुकानात जाऊ लागला, किमती पाट्यांवर आल्या, हाय स्ट्रीटवर चष्म्याची चकचकीत दुकानं उभी राहिली. शेजारच्या दुकानातून नंबर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तेव्हा कुणी परत पाठवलं नाही. आज चष्म्याच्या बाबतीत हे इतकं अंगवळणी पडलंय की कागद आपोआप छापला जातो. लेन्सच्या बाबतीत 2005 मध्ये दार तसंच उघडलं, पण दुकानाच्या आतल्या सवयी काही बदलल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी पळवाट आहे. पुष्कळ दुकानं लेन्स स्वतःच्या नावाने विकतात. ती नावं गोड असतात, डबे सुंदर असतात, पण लेन्स दुकानाने बनवलेली नसते. जगातल्या बहुतेक मऊ लेन्स जॉन्सन अँड जॉन्सन, अल्कॉन, कूपरव्हिजन आणि बॉश अँड लॉम्ब या चार कंपन्यांच्या कारखान्यांतून येतात. दुकानाच्या नावाखालची लेन्सही कुणातरी कारखानदाराचीच असते आणि पुष्कळदा तीच लेन्स दुसरीकडे दुसऱ्या नावाने विकली जात असते. आता प्रिस्क्रिप्शनवर नुसतं दुकानातलं नाव लिहिलं तर कागद कायदेशीर दिसतो, सही असते, तारीख असते, आणि पलीकडच्या दुकानात त्याचा उपयोग शून्य. तिथला माणूस म्हणतो, ही कुठली लेन्स मला माहीत नाही, तुम्हाला नवीन फिटिंग करावं लागेल. पुन्हा फी, पुन्हा पिवळा रंग, पुन्हा आठवडा. 'तीच लेन्स पुन्हा देता यावी इतका तपशील' असं कायदा म्हणतो तेव्हा कारखानदाराने दिलेलं मूळ नाव त्यात येत नाही का? येतं, असं तुम्ही एकदा स्पष्ट लिहून द्या.

अमेरिकेत हे भांडण वीस वर्षांपूर्वी झालं. 2003 मध्ये तिथे लेन्स वापरणाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. फिटिंग संपलं की प्रिस्क्रिप्शन द्यायचं, रुग्णाने मागो वा न मागो, त्यासाठी जादा पैसे घ्यायचे नाहीत, आणि आपल्याकडूनच लेन्स घ्यायची अट घालायची नाही. दुसऱ्या विक्रेत्याने पडताळणीसाठी विचारलं आणि प्रिस्क्रिप्शन देणाऱ्याने आठ कामकाजी तासांत उत्तर दिलं नाही, तर प्रिस्क्रिप्शन बरोबर आहे असंच धरतात. तरीही कागद मिळत नाही म्हणून तक्रारी येत राहिल्या, तेव्हा 2020 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, आणखी एक पाऊल टाकलं : मला प्रिस्क्रिप्शन मिळालं, अशी रुग्णाची पोच घेऊन ती जपून ठेवायची. आठ तासांच्या नियमाबद्दल माझं मन साशंक आहे. उत्तर आलं नाही म्हणजे होकार, हे डोळ्याच्या बाबतीत मला पटत नाही. ते तिकडेच राहू दे. पोच घ्यायचा नियम मात्र जसाच्या तसा उचलण्यासारखा आहे. फिटिंगच्या नोंदीत एक ओळ, तिच्याखाली गिऱ्हाइकाची सही. तपासायला आलेल्या माणसाला दोन मिनिटांत कळेल की या दुकानात कायदा पाळतात की नाही.

तुम्ही 2022 मध्ये ऑप्टिशियन्स अ‍ॅक्टबद्दल लोकांची मतं मागवली होती. आमच्यापैकी कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. पुढच्या वेळी लेस्टर, वेम्बली, स्लाव इथल्या मंडळांना कळवा. गणपतीच्या दिवसांत एका हॉलमध्ये तुम्हाला पाचशे लेन्सवाले भेटतील आणि सगळ्यांना मतं आहेत. हॅलोविनच्या तोंडावर बिनानंबराच्या रंगीत लेन्स बाजारातून घेऊ नका म्हणून तुम्ही बजावता, ते योग्यच आहे. 'लव्ह युवर लेन्सेस' ही तुमची मोहीमही मी पाहिली. पाण्यापासून लेन्स जपा, मुदतीत बदला, असं त्यात सांगितलं होतं. त्याच मोहिमेत आणखी एक वाक्य घालायला पैसे लागत नाहीत : फिटिंग झालं की तुमचं प्रिस्क्रिप्शन घेऊन जा, तो तुमचा हक्क आहे.

वाचणाऱ्या आपल्या मंडळींना दोन शब्द. काउंटरवर जायच्या आधी, आत खोलीतच, ऑप्टोमेट्रिस्टला विचारा : फिटिंग पूर्ण झालं का? हो म्हणाले की तिथेच कागद मागा, आणि नाव, पॉवर, बेस कर्व्ह, व्यास, मुदत, सही आहे का बघून मगच उठा. दुकानाच्या नावाची लेन्स असेल तर मूळ नाव हाताने लिहून घ्या. देत नसतील तर आपल्याबद्दलची सगळी नोंद मागायचा हक्क डेटा संरक्षणाच्या कायद्याने आहे. साधारण महिनाभरात द्यावी लागते आणि त्याचे पैसे पडत नाहीत. त्याउपर ऑप्टिकल कन्झ्युमर कम्प्लेंट्स सर्व्हिसकडे जा. ती फुकट मध्यस्थी करते. आणि कागदावरची मुदत संपली असेल तर कृपा करून आईला फोन लावू नका, तपासणीची वेळ घ्या.

सदस्यहो, तुमच्याकडे मागणं एवढंच. कलम 25 प्रमाणे प्रिस्क्रिप्शन न मागता द्यायचं असतं, हे सगळ्या नोंदणीकृत व्यक्तींना आणि दुकानं चालवणाऱ्या कंपन्यांना लेखी कळवा. कागदावर कारखानदाराचं मूळ नाव सक्तीचं करा. 'पहिल्या आफ्टरकेअरनंतर' आणि 'योजना घेतल्यावर' या दोन सबबी चालणार नाहीत, असं त्यात नाव घेऊन लिहा, कारण मोघम लिहिलंत तर उद्या तिसरी सबब तयार होईल. आणि दिल्याची पोच नोंदीत ठेवायला लावा.

माझ्या प्रिस्क्रिप्शनची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. त्याच दुकानात, त्याच मुलीकडे मी तपासणीला जाणार आहे. तोवर तुमचं उत्तर आलं तर तिलाही दाखवीन.

कळावे,

आपली विश्वासू,
लेस्टरमधली एक लेन्सवाली